आधी आरसी, मग चावी

चावी हरवणं हा होस्टेल लाइफचा कंपल्सरी सब्जेक्ट आहे. मागच्या सेमला, ऐन सबमिशनच्या आदल्या दिवशी माझाही नंबर लागला. चावीवाले काका आले, पेटी उघडली आणि कानस हातात घेण्याआधी म्हणाले, "आरसी दाखव." (आम्ही कॉन्व्हेंटवाले, 'कानस' हा शब्दही त्याच दिवशी कळला!)

मला रागच आला. मी काय चोर दिसतो? त्यात गाडी बाबांच्या नावावर आणि बाबा गावाला. काका शांतपणे म्हणाले, "चोर कपाळावर लिहून येतो का रे पोरा?"

मग त्यांनी गाडी, कागद आणि माणूस या तिन्ही गोष्टी जुळवल्या.

आधी गाडी आणि कागद. नंबर प्लेट बदलता येते, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. हँडलखाली फ्रेमवर ठोकलेला चॅसिस नंबर त्यांनी आरसीशी ताडून पाहिला. आरसी बाबांनी व्हिडिओ कॉलवर धरली होती. फोटो काकांना चालला नाही, त्यात फेरफार सोपा. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी मात्र 2018 पासून कायद्याने ग्राह्य आहे.

मग कागद आणि माणूस. माझ्या लायसन्सवरचं मधलं नाव आणि आरसीवरचं मालकाचं नाव एकच निघालं. तरी काकांनी बाबांना विचारलंच, "हा तुमचाच मुलगा ना? करून देऊ चावी?" शेवटी वहीत तारीख, गाडी नंबर, मोबाइल आणि माझी सही.

कारच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं. इमोबिलायझर असलेल्या गाडीच्या चावीत छोटी चिप असते. तिचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळला नाही, तर इंजिन चालू होत नाही. नवी चावी करणारा तो कोड गाडीला नव्याने शिकवतो. एकदा शिकवला की गाडीच्या दृष्टीने ती चावी खरीच! कॉम्प्युटर फक्त कोड ओळखतो, मालक नाही. मालक ओळखायचं काम चावीवाल्याचंच.

या सगळ्यात माझी वीस मिनिटं गेली. पण उद्या माझीच गाडी ढकलत दुसरा कोणी काकांकडे गेला, तर याच वीस मिनिटांनी ती वाचेल. तेव्हा आजच घरी फोन करा, आरसी डिजीलॉकरमध्ये टाकायला सांगा. आणि चावीवाल्याने कागद मागितले, तर चिडू नका. न मागणाऱ्याकडे मात्र परत जाऊ नका.