पिकाची राखण आणि परवान्याची बंदूक

आश्विन महिना लागला की आंबा नदीच्या दोन्ही तीरांवरील खाचरांत भात पिकू लागते आणि सुधागड तालुक्यातील शेतकऱ्याची झोप उडते. पालीच्या सरसगडापासून पूर्वेस सह्याद्रीच्या उतारापर्यंत शेत कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. सखल खाचरांत भात, वरकस जमिनीत नाचणी व वरी आणि भात कापल्यानंतर जमिनीच्या ओलीवर घेतला जाणारा वाल, ही येथील मुख्य पिके होत. या प्रत्येक पिकावर रानडुकराची दृष्टी असते. डुकरांचा कळप एकदा खाचरात शिरला म्हणजे जेवढे खातो, त्याहून अधिक तुडवितो व उकरतो. चार महिन्यांच्या कष्टाचे फळ एका रात्रीत मातीत मिळालेले पाहणे कोणाही कास्तकारास दुःसह वाटावे, यात नवल नाही.

अशा प्रसंगी हाताशी बंदूक असावी असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बंदुकीचा विषय निघाला की गावोगाव मतभेद होतात. एक पक्ष म्हणतो, गरजू शेतकऱ्यास परवाना सुलभपणे मिळावा व पीक खाणारे जनावर मारण्याची मोकळीक असावी. दुसरा पक्ष म्हणतो, बंदुका वाढल्या म्हणजे अपघात, भांडणातील रक्तपात आणि चोरटी शिकार हीही वाढणारच. तिसऱ्या पक्षाच्या मते शिकार हा रानाच्या कडेला राहणाऱ्यांचा परंपरागत हक्क असून तो कायद्याने हिरावून घेतला आहे. या तिन्ही म्हणण्यांत काही ना काही तथ्य आहे. म्हणूनच कायदा काय सांगतो व अनुभव काय शिकवितो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हक्क नव्हे, जबाबदारीची परवानगी

इंग्रजी अमदानीत १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. या कायद्याविषयी देशात मोठी चीड होती. १९३१ साली कराची येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. तथापि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा हक्क मूलभूत हक्कांत घातला नाही. अमेरिकेच्या घटनेत १७९१ साली झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कास संरक्षण दिले व त्या देशात हा वाद आजतागायत चालू आहे. भारताने निराळा मार्ग पत्करला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने शस्त्र बाळगणे ही परवानगीची बाब ठेवली. मात्र शेतकऱ्याची गरज तो विसरला नाही.

या अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खरोखर पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्यात तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, नळीस आतून आटे नसलेली व नळीची लांबी किमान २० इंच असलेली दुसरी बंदूकही मंजूर करता येते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पुरे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली असून, सर्वसाधारणपणे एका व्यक्तीस दोहोंपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. कर्नाटकातील कोडगू भागात तेथील कोडव समाजास व जम्मा जमीनधारकांस परवान्याच्या अटीतून सूट आहे. परंतु ती विशिष्ट इतिहासातून आलेली सवलत असून इतरत्र लागू नाही.

दोन निरनिराळ्या परवानग्या

पुष्कळ शेतकऱ्यांचा असा समज असतो की, पीकसंरक्षणाची बंदूक मिळाली म्हणजे पिकात शिरलेले जनावर मारण्याची मुभा मिळाली. हा समज चुकीचा असून त्यापायी अनेकांवर खटल्यांस तोंड देण्याची पाळी येते. शस्त्राचा परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो. वन्य प्राणी मारण्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

असे का झाले, हे जाणण्यासाठी थोडे मागे पाहावे लागेल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत धान्याची टंचाई तीव्र होती. पिके वाचविण्यासाठी अनेक ठिकाणी बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले. मुंबई राज्यात १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता. त्याखाली परवाना घेऊन शिकार करता येत असे. परंतु पिकासाठी घेतलेली बंदूक रात्री रानात फिरू लागली आणि पिकास फारसा उपद्रव न देणारी जनावरेही तिला बळी पडू लागली. शिकार घटली तशी रानेही ओस पडली. यातूनच १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम जन्मास आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षित प्राण्यांच्या हौशी शिकारीचे परवाने बंद झाले.

कोकणात शिमग्याच्या दिवसांत हाका घालून पारध करण्याची चाल पुष्कळ गावी होती. तिच्यामागे गावकीचा मान होता, देवाचे नाव होते आणि गरिबाच्या घरी त्या दिवशी मांस शिजत असे. या चालीची ओढ आजही अनेकांना वाटते. परंतु पूर्वीचे रान आणि पूर्वीची जनावरे आज उरलेली नाहीत. म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने आज पारध हा हक्क राहिलेला नाही.

तरीही कायद्याने शेतकऱ्यास वाऱ्यावर सोडलेले नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाल्याची खात्री पटल्यास, अधिकृत अधिकारी ११ व्या कलमाखाली त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही यांच्याबाबतचे हे अधिकार वनक्षेत्रपालांकडे सोपविले. म्हणून अर्ज आपल्या भागातील वनक्षेत्रपालांच्या कचेरीत द्यावा. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस वाटून घेणे हा गुन्हा होय. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेला बचाव मात्र गुन्हा ठरत नाही.

अंधारातील बार

बंदुकीविषयी जे भय व्यक्त केले जाते, ते निराधार नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीस जंगलात गेले. मागून येणाऱ्या आपल्याच सोबत्यांना डुक्कर समजून त्यांच्यावर बार काढण्यात आला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. घाबरलेल्या सोबत्यांनी ही घटना लपविल्याचे पुढे पोलीस तपासात उघडकीस आले. तेथे वैर नव्हते, भांडण नव्हते. पानांच्या सळसळीवर झाडलेली एक गोळी एवढेच कारण होते. एका घराचा आधार गेला आणि इतर अनेक घरांवर खटल्याची छाया पडली.

यास्तव बंदूक हाताळताना काही नियम कधीही मोडू नयेत. जनावर स्पष्ट दिसल्यावाचून आवाजावर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढू नये. लक्ष्याच्या पलीकडे वाट, माळा किंवा वस्ती आहे काय, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे. राखणीस कोण कोठे बसणार, हे संध्याकाळीच ठरवावे व ठरलेली जागा कोणी सोडू नये. बंदूक भरून वाटचाल करू नये. मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये. घरी बंदूक व दारूगोळा वेगवेगळ्या जागी कुलपात ठेवावा, म्हणजे मुलांच्या हाती अथवा रागाच्या भरात कोणाच्या हाती ती लागणार नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

बंदूक मिळत नाही म्हणून काही जण याहून भयंकर मार्ग पत्करतात. विनापरवाना गावठी बंदूक, वाटेवर मांडलेली फासकी, खाद्यात लपविलेला स्फोटक गोळा आणि कुंपणाच्या तारेत सोडलेली घरची वीज, हे ते मार्ग होत. यांपैकी एकालाही डुक्कर व माणूस यांतील भेद कळत नाही. फासकीत बिबट्या अडकतो, स्फोटकाने गुराचा जबडा फाटतो आणि विजेच्या तारेस पहाटे शेतावर निघालेला शेजारी चिकटतो. २०२० साली केरळात स्फोटकाने जखमी झालेली गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, ही गोष्ट सर्व देशाने ऐकली आहे.

निवडणूक आणि हंगाम

परवानाधारक शेतकऱ्यांची एक रास्त तक्रारही विचारात घेतली पाहिजे. निवडणूक जाहीर झाली म्हणजे बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली व मतदान २० नोव्हेंबरला झाले; म्हणजे नेमका कोकणातील भात पिकण्याचा व कापणीचा काळ. ज्या कामासाठी बंदूक दिली, त्याच काळात ती ठाण्यात ठेवावी लागली तर तिचा उपयोग काय, हा प्रश्न गैरलागू नाही.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २००९ साली मार्गदर्शन केले आहे. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून न घेता, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, असा त्याचा आशय आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत गुंतलेले परवानाधारक यांच्याबाबत विशेष दक्षता घेणे योग्यच आहे. ज्याचे वर्तन स्वच्छ आहे व पीक शेतात उभे आहे, अशा शेतकऱ्याने आदेशाची वाट न पाहता सातबारा उतारा, पीकपाहणी व पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडून वेळीच अर्ज करावा. अर्ज नामंजूर झाला तर मात्र बंदूक ठरल्या दिवशी जमा करून पावती घ्यावी.

एका बंदुकीने गाव राखले जात नाही

बंदुकीच्या सामर्थ्याविषयी अवास्तव कल्पना बाळगणेही हिताचे नाही. रानडुकरीण सुमारे चार महिन्यांत विते व एका वेतास चार ते सहा किंवा त्याहूनही अधिक पिले देते. कळपातील एखादे जनावर मारल्याने ही वाढ थांबत नाही. डुकराचे नाक तीक्ष्ण असते. एका खाचरात बार निघाला की कळप शेजारच्या खाचरात जातो. म्हणजे बंदूकवाल्याचे पीक वाचते आणि ज्याच्याकडे ती नाही त्याचे जाते.

याकरिता राखण ही सर्वांची मिळून असावी. वाडीतील घरांनी पाळ्या लावाव्यात, माळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर घालावेत व खाचरांना लागून असलेली झुडुपे काढावीत, म्हणजे डुकरांना दिवसा दडण्यास जागा राहणार नाही. सौर कुंपण अनेक शेतकऱ्यांनी मिळून केल्यास खर्च विभागला जातो. त्यातील विजेचा झटका क्षणिक व मंद ऊर्जेचा असल्याने जनावर बिचकते, पण मरत नाही. घरच्या विजेचे कुंपण व हे कुंपण यांत हा जीवनमरणाचा फरक आहे. मात्र त्याची खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच असावी आणि तारेखालचे गवत नियमित कापावे.

नुकसान झालेच तर विलंब न लावता वन कर्मचाऱ्यांस कळवून पंचनामा करून घ्यावा व भरपाईचा अर्ज करावा. पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांपासून होणाऱ्या हानीचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले असून, त्यासाठी ७२ तासांच्या आत नुकसान कळविण्याची अट आहे.

मारणे अपरिहार्य असेल तेथे केरळाने २०२२ साली अनुसरलेली रीत विचारार्ह आहे. तेथे आदेशाचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिले गेले व गोळी झाडण्याचे काम परवानाधारक, निवडक नेमबाजांकडेच ठेवले गेले. घरोघर बंदूक नको आणि गाव असहायही नको, असा हा मध्यम मार्ग आहे. पालीसारख्या भागातील ग्रामसभांनी कोणत्या शिवारात उपद्रव अधिक आहे, कोणाकडे परवाना आहे व कोणाचा हात स्थिर आहे, याची यादी पावसाळ्यापूर्वीच तयार करून वन व पोलीस अधिकाऱ्यांशी विचारविनिमय केल्यास ऐन हंगामातील धावपळ वाचेल.

परवान्यावर नाव एकाचे असते, परंतु तिच्यातून सुटलेल्या गोळीची जोखीम साऱ्या गावावर असते. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. माणूस गेला तर तो परत येत नाही. हे ध्यानी ठेवून ज्या गावात राखण एकत्र होते, तेथे बंदूक क्वचितच उचलावी लागेल आणि उचलली तरी ती पिकाच्या कामीच येईल.