अंगणात पान हलत नाही, तेव्हा

बडोद्यात पवनचक्कीची पाती घडवणारा कारखाना आहे. त्यामुळे शहराबाहेरच्या हमरस्त्यावर कधीकधी एखादे पाते लांबलचक ट्रेलरवर आडवे पडून जाताना दिसते. वळणावर ट्रेलर अडला, तर ते जवळून बघून घ्यावे. पुढची कड गोल, जाड, हात फिरवावासा वाटेल अशी. मागची मात्र विळ्याच्या धारेसारखी निमुळती. पवनचक्कीचा बहुतेक आवाज या मागच्या कडेवर जन्मतो.

पात्यालगतची हवा लहानलहान भोवऱ्यांनी भरलेली असते. ते भोवरे त्या धारेवरून निसटले की सळसळ उठते. पन्नास मीटरचे पाते मिनिटाला १५ फेऱ्या घेत असेल, तर त्याचे टोक ताशी २८० किलोमीटरच्या वेगाने हवा कापते. पाती तीन, म्हणजे मिनिटाला ४५ वेळा तीच चढती-उतरती सळसळ. सुपाने धान्य पाखडावे तशी, सप्... सप्... सप्. पाखडणारी बाई दमली की थांबते. हे पहाटेपर्यंत चालू राहते.

शेजारी राहणाऱ्यांची तक्रार मुख्यतः रात्रीची असते आणि दिवसा पाहणीला येणाऱ्याला ती पटत नाही. पण भौतिकशास्त्र रहिवाशांच्या बाजूने आहे. दिवसा उन्हाने तापलेली हवा वरखाली घुसळत असते, म्हणून जमिनीवरच्या आणि उंचावरच्या वाऱ्यात फार तफावत पडत नाही. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड, जड होऊन बसते आणि वरचा वारा तिच्यावरून मोकळा सुटतो. अंगणात पान हलत नसते, वर पाती भरवेगात फिरत असतात. आवाज झाकायला झाडांची सळसळही नसते. शिवाय वाऱ्याच्या दिशेला जाणारा आवाज हा थंड थर खाली, घरांकडे वाकवतो.

फ्रिट्स फान डेन बर्ग या डच भौतिकशास्त्रज्ञाने जर्मनीच्या सीमेवर हे मोजले आणि २००४ मध्ये मांडले. खाली वारा तेवढाच असताना रात्रीचा आवाज दिवसापेक्षा १५ डेसिबलपर्यंत जास्त भरला. पावणेदोन किलोमीटरच्या पलीकडे राहणारेही वैतागले होते. १९८६ मध्ये रत्नागिरी आणि ओखा इथे ५५ किलोवॅटच्या बुटक्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा प्रश्न लहान होता. आता मनोरे शंभर मीटरच्या वर गेले आहेत, आणि मनोरा जितका उंच तितकी रात्रीची तफावत मोठी.

कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने आजार होतात, ही भीती मात्र टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये फिओना क्रिक्टन यांनी काही जणांना आधी भीतिदायक माहिती दाखवली. नंतर ध्वनी सोडला नव्हता तेव्हाही त्यांना त्रास जाणवला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२३८ घरांची पाहणी केली. ४६ डेसिबलपर्यंत आजारांचा किंवा झोपमोडीचा आवाजाशी संबंध दिसला नाही, वैताग मात्र आवाजाबरोबर वाढत गेला. माझ्या मते हा वैताग किरकोळ नाही. ज्याला रोज त्याच खाटेवर पाठ टेकायची आहे, त्याच्यासाठी तो आयुष्याचा भाग होतो. नेदरलँड्समध्ये पवनचक्कीतून कमाई होणाऱ्यांना तोच आवाज क्वचितच खुपला. आपल्याकडे जागा देणाऱ्याला पैसे मिळतात. बांधापलीकडच्या घराचा विचार व्यवहारात कुठे असतो?

आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती सरासरी. चढउतार सरासरीत पुसले जातात, झोपेत नाही. म्हणून मोजणी करायची तर ती वारा पडलेल्या रात्री, दोन वाजता, घराच्या अंगणात व्हायला हवी. उपाय हाताशी आहेत. टोकाचा वेग दहा टक्क्यांनी उतरवला, तर ध्वनीची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. घुबडाच्या पंखाची मागची कड झालरीसारखी असते, म्हणून ते उडताना चाहूल लागत नाही. तशी दातेरी पट्टी पात्याच्या मागच्या कडेला चिकटवता येते. ट्रेलरवरचे पाते दिसले की मी आता ती पट्टी आहे का, ते आधी बघतो.