उसातला पॅटन

46 टनांचा रणगाडा पाणी भरलेल्या उसात घातला तर काय होईल, हे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाफसा नसताना रानात नेलेला ट्रॅक्टर कसा पोटावर बसतो, हे त्याने पाहिलेले असते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या शिवारात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन रणगाडे घेऊन आत आली. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून घोड्याच्या नालेसारखी फळी धरली आणि कालव्याचे पाणी शेतांत सोडले. आपले रणगाडे आणि जीपवरच्या तोफा उभ्या उसात दडल्या. 8 ते 10 सप्टेंबरच्या या लढाईत पाकिस्तानने जवळपास शंभर रणगाडे गमावले. त्यांतले कितीतरी चिखलात रुतून जागीच सोडून दिलेले होते. पकडलेले रणगाडे भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. जीपवरच्या 106 मिलिमीटर तोफेने पॅटन फोडणारे अब्दुल हमीद याच लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

रणगाड्याची लहान प्रतिकृती जोडून, रंगवून, मळवून ती हुबेहूब करण्याची कला शिकायची असेल, तर आपल्या भागातल्या माणसाने हाच प्रसंग निवडावा, असे माझे ठाम मत आहे. या कलेतला सर्वांत अवघड भाग म्हणजे माती, आणि मातीची नजर नीरा डाव्या कालव्याखालच्या माणसाला उपजत असते.

प्रतिकृतीसाठी जगभर रुळलेले प्रमाण आहे एकास पस्तीस. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात या हिशेबाने त्याचा आकार ठरला. पुढे इतर कंपन्यांनीही तेच माप उचलले. या मापात पॅटन एम 47 तोफेसह जेमतेम 24 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद होतो. इटालेरी या इटालियन कंपनीचे त्याचे किट आहे. तामियाचा एम 48 ए 3 जुळणीला सोपा, पण तो डिझेल इंजिनाचा, अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये वापरलेला प्रकार. 1965 मध्ये पाकिस्तानकडे होते ते पेट्रोलवरचे पॅटन. त्यामुळे तामियाचे किट घेतले तर इंजिनावरचा मागचा भाग बदलावा लागतो. प्रतिकृतीतला खरेपणा असा किट निवडण्यापासूनच सुरू होतो.

जुळणीबद्दल थोडक्यात. सुटे भाग चौकटीतून निपरने कापायचे, खुंट पॉलिश पेपरने घासायचे, पातळ सिमेंट ब्रशने सांध्यात सोडायचे. हे सिमेंट प्लास्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून जास्त झाले की नक्षी बुजते. पॅटनचा टरेट ओतीव पोलादाचा आहे. ओतकामाचा खरबरीतपणा किटच्या गुळगुळीत प्लास्टिकवर क्वचितच पुरेसा उतरतो. पातळ केलेली पुट्टी जुन्या ब्रशने टोचत लावली की तो येतो. हे काम टाळू नये.

मग प्राइमर आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा. डब्यातला रंग जसाच्या तसा मारला तर प्रतिकृती काळपट दिसते. खरा रणगाडा आपण लांबून, उन्हात, मधल्या हवेतून पाहतो, म्हणून लहान मापात रंग थोडा फिका करावा लागतो. वरच्या सपाट पृष्ठांवर आणखी फिका, खालच्या बाजूंना गडद. त्यावर चकाकीचा थर, मग पाण्यात सोडवून लावायचे डिकल. ऑइल कलरचा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून बोल्टांच्या मुळाशी आणि फटींत सोडला की प्रत्येक भाग उठून दिसतो. याला वॉश म्हणतात. शेवटी मॅट वार्निश.

पण खरी परीक्षा यानंतरच होते. नवशिके इथे गंज आणि ओरखडे भरमसाट टाकतात. एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडालेला, हे ध्यानात ठेवून स्पंजच्या तुकड्याने अगदी बारीक टिपके द्यावेत, तेही झाकणांच्या कडांना आणि सैनिक पाय देऊन चढतात तिथे. शेतात सोडून दिलेला धडका पॅटन तीन दिवसांत लाल होत नाही. जळालेला मात्र होतो. रंग जळून गेला की उघडे पोलाद लवकर गंजते, राखाडी आणि नारिंगी डाग शेजारी शेजारी दिसतात. साखळीच्या पॅडवर रबर असेल तर तिथे लोखंडाची चमक दाखवू नये. चमकतात त्या फक्त घासणाऱ्या लोखंडी कडा.

आता चिखल. बारामती-इंदापूरची काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. खेमकरणची माती गाळाची, फिक्या तपकिरी रंगाची. म्हणून बांधावरची काळी माती उचलून असल उत्तरच्या पॅटनला फासणे ही चूकच आहे, मग ती कितीही चांगली चिकटो. आपल्या मातीकडून शिकायचे ते चिखलाचे वागणे. ट्रॅक्टर बाहेर काढल्यावर मडगार्डखाली जुना चिखल वाळून फिका होतो, त्यावर नवा ओला थर गडद बसतो, चाकाने उडवलेले शिंतोडे वर जाताना विरळ होत जातात, आणि पोटाखाली पाचट अडकून लोंबते. प्रतिकृतीत हाच क्रम पाळावा: आधी फिका वाळलेला थर, मग त्यावर गडद ओला, आणि सर्वांत ताज्या जागी थोडे चकाकणारे वार्निश.

माती पिगमेंट पावडरची करा किंवा खरी वापरा. खरी असेल तर मलमलीतून गाळून घ्यावीच लागते, कारण एक मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो.

ऊसही मापातच हवा. अडीच मीटरचा ऊस सात सेंटिमीटरचा होतो. तीन सेंटिमीटर जाडीचे कांडे एक मिलिमीटरहून बारीक भरते, त्याला खराट्याच्या हिराचे टोक चालते. पाच सेंटिमीटर रुंदीचे पान दीड मिलिमीटरची कागदी पट्टी होते. शेंड्याला हिरवी वाकलेली पाने, खाली वाळलेले पाचट, आणि रणगाड्याने मोडून आडवा केलेला पट्टा. परदेशी कारागिरांच्या प्रतिकृतींत ऊस अनेकदा बांबूसारखा ताठ आणि स्वच्छ दिसतो. भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरातला मुलगा ही चूक करणार नाही.

पाहायला खरा पॅटनही फार लांब नाही. बारामतीहून दौंड, तिथून मनमाडच्या लोहमार्गावर नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे रणगाडा संग्रहालय तिथे फेब्रुवारी 1994 पासून आहे. पकडून आणलेले पॅटन, आपले सेंच्युरियन आणि विजयंता, दुसऱ्या महायुद्धातले मॅटिल्डा आणि चर्चिल हाताच्या अंतरावर उभे आहेत. ओतीव टरेटचा खरबरीतपणा आणि वेल्डिंगची जाडी डोळ्यांत साठवून घ्या. रंगाच्या छटेसाठी मात्र या रणगाड्यांवर विसंबू नका. संग्रहालयातले रंग पुन्हापुन्हा दिलेले असतात, त्यासाठी 1965 ची छायाचित्रेच पाहावीत.

पहिले किट महागडे घेऊ नका, आणि एअरब्रश नाही म्हणून थांबूही नका. ब्रशने पातळ थर देऊनही चांगला रंग बसतो. उसाला पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी बांधावर जा, ट्रॅक्टरचे मागचे चाक जवळून पाहा, मोबाइलवर चार फोटो काढा, आणि ते समोर ठेवूनच चिखल लावायला बसा.