क्रीडागुरू बक ओनील

बेसबॉल हा अमेरिकेतील एक अत्यंत लोकप्रिय खेळ होय. क्रिकेटप्रमाणे यातही एक खेळाडू चेंडू टाकतो व दुसरा तो बॅटने टोलवितो. मात्र धाव पुरी करण्यासाठी मैदानावरील चार ठाण्यांना क्रमाने स्पर्श करावा लागतो. या ठाण्यांना 'बेस' म्हणतात. या खेळात आधी खेळाडू व पुढे गुरू म्हणून बक ओनील यांनी मोठी कीर्ती मिळविली.

ओनील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९११ रोजी फ्लॉरिडा राज्यातील कॅराबेल या गावी झाला. त्यांचे बालपण सॅरासोटा येथे गेले. तेथे सेलरी नावाच्या भाजीच्या मळ्यात त्यांना उन्हातान्हात राबावे लागे. ते कृष्णवर्णीय होते आणि सॅरासोटाच्या हायस्कुलात त्या काळी केवळ गोऱ्या मुलांनाच प्रवेश असे. त्यामुळे शिक्षणाकरिता त्यांना घर सोडून जॅक्सनव्हिल येथे जावे लागले.

खेळातही हाच भेद होता. 'मेजर लीग' या सर्वोच्च श्रेणीचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. म्हणून त्यांनी आपले स्वतंत्र संघ उभारले होते. १९३८ साली ओनील अशाच एका नामांकित संघात, म्हणजे 'कॅन्सस सिटी मोनार्क्स'मध्ये दाखल झाले. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांना मेजर लीगमध्ये प्रवेश मिळाला व ते बंद दार उघडले. परंतु तोवर ओनील पस्तिशीला पोहोचले होते. उमेदीची वर्षे सरली होती.

तथापि ते खिन्न होऊन बसले नाहीत. १९४८ पासून त्यांनी मोनार्क्सच्या व्यवस्थापनाची धुरा वाहिली व तरुण खेळाडू घडविण्यात मन घातले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अर्नी बँक्स १९५३ साली मेजर लीगमधील 'शिकागो कब्ज' संघात गेले व तेथे त्यांनी ५१२ 'होम रन' काढले. पुढे ओनील याच संघासाठी गुणी खेळाडूंचा शोध घेत गावोगाव हिंडू लागले. लुइझियाना राज्यातील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या लू ब्रॉक या चपळ तरुणाचे गुण त्यांनी हेरले. हाच तरुण पुढे बेस सर करण्याच्या कौशल्याबद्दल विख्यात झाला.

१९६२ साली शिकागो संघाने ओनील यांना प्रशिक्षक नेमले. मेजर लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक होत. तरीही सामना चालू असता मैदानावर उभे राहून खेळाडूंना इशारे देण्याचे काम त्यांना दिले गेले नाही. पद मिळाले, पण अधिकार अपुराच राहिला.

२००६ साली जुन्या कृष्णवर्णीय संघांशी संबंधित १७ दिवंगत व्यक्तींची कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी निवड झाली. चौऱ्याण्णव वर्षांच्या ओनील यांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. असे असूनही ते समारंभास गेले, त्या सतरा जणांच्या वतीने आनंदाने बोलले आणि श्रोत्यांना एकमेकांचे हात धरावयास लावून त्यांनी सर्वांकडून प्रेमाचे गीत गाऊन घेतले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ साली कीर्तिमंदिराने त्यांना मरणोत्तर स्थान दिले.

अन्याय झाला असता त्याचा विसर पडू देऊ नये, हे खरे. ओनील यांनीही तो पडू दिला नाही. कॅन्सस सिटी येथे त्या उपेक्षित खेळाडूंच्या स्मृतींचे संग्रहालय उभे करण्यासाठी ते वार्धक्यातही झटले. परंतु आपल्या वाट्याला न आलेले यश शिष्यांना लाभले म्हणून त्यांना कधी विषाद वाटला नाही. खऱ्या गुरूचे मन असेच असते.