दहा हजार मीटर चढायचे, तेही नागपुरातून

नागपूरच्या झिरो माइलला चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब प्रत्येकाच्या फोटोत येतो. शेजारचा सर्वेक्षणाचा दगड मात्र थांबून वाचणारे थोडे. १९०७ सालच्या त्या दगडाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. मोजणाऱ्यांनी तोही सोडला नाही. मीटरमध्ये सांगायचे तर ३११. शहर असे सपाट की पश्चिमेला सेमिनरी हिल्सची टेकडी आहे म्हणून पळणाऱ्यांना चढ म्हणजे काय ते निदान कळते. अशा गावात राहून आल्प्समधल्या पायवाटांवर धावायचे स्वप्न पाहायचे असेल, तर आधी हिशेब मांडून बघावा.

डोंगरातल्या शर्यतींचे पंढरपूर म्हणजे फ्रान्समधले शामोनी. तिथून दर ऑगस्टच्या अखेरीस ‘अल्ट्रा ट्रेल दु माँ ब्लाँ’ सुटते. २००३ साली सुरू झालेली ही शर्यत फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वताला प्रदक्षिणा घालते. अंतर सुमारे १७० किलोमीटर, चढाई सुमारे १०,००० मीटर. दुसरा आकडा नीट वाचा. १०,००० मीटर ही कुठल्या शिखराची उंची नव्हे. एव्हरेस्टही ८,८४९ मीटरवर थांबते. वाटेतला प्रत्येक चढ मोजून केलेली ती बेरीज आहे. खिंडीत चढलात, पलीकडच्या दरीत उतरलात, की पुढचा चढ पुन्हा खालून. शामोनी १,०३५ मीटरवर आहे आणि शर्यत संपतेही तिथेच, त्यामुळे जितके चढलात तितकेच उतरावेही लागते.

म्हणजे १७० पैकी साधारण ८५ किलोमीटर चढ आणि ८५ किलोमीटर उतार. ८५ किलोमीटरमध्ये १०,००० मीटर म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला जवळपास १२ मीटर चढ. आपल्या घाटरस्त्यांची चढण साधारण याच्या निम्मी असते. इथे तर डांबरही नाही. दगड, मुळे, चिखल, आणि दोन रात्री डोक्यावरच्या दिव्याचा उजेड. सोबत दोन दिवे, पाणी, पावसाळी जॅकेट, शिटी आणि अंग झाकायला चंदेरी चादर बाळगण्याची सक्ती आहे.

डोंगरी शर्यतींत अंतर आणि चढ एकत्र मोजायचा एक सोपा हिशेब चालतो: दर १०० मीटर चढाईला एक किलोमीटर जास्त धरायचा. त्याप्रमाणे १७० अधिक १००, म्हणजे २७० किलोमीटर. हे जवळपास नागपूर ते जबलपूर अंतर झाले. शर्यतीची वेळमर्यादा साडेशेहेचाळीस तास. म्हणजे वाट सपाट मानली तरी शुक्रवारी संध्याकाळी सहाला नागपूर सोडायचे आणि रविवारी दुपारी साडेचारच्या आत पायी जबलपूर गाठायचे. सुरुवातीला दोन हजारांहून जास्त धावपटू उभे असतात. त्यातले साधारण तीनात एक वाटेतच थांबतात.

पुढे धावणाऱ्यांचा आकडा आणखी चक्रावणारा. अमेरिकेच्या जिम वॉल्म्सलीने २०२३ साली ही प्रदक्षिणा १९ तास ३७ मिनिटांत संपवली. उतार, खाणेपिणे, बाटल्या भरणे सगळे धरून दर मिनिटाला साडेआठ मीटर चढाई. मिनिटाला जवळपास तीन मजले, आणि हे सलग साडेएकोणीस तास.

इतकी चढाई करायला ऊर्जा किती लागत असेल? साठ किलोचा माणूस १०,००० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने लागते ५८ लाख ८० हजार ज्यूल. विजेच्या मीटरवर हे १.६३ युनिट. मे महिन्यात नागपुरातला दीड टनाचा एसी एवढी वीज तासाभरात, फार तर सव्वा तासात खाऊन टाकतो. पण स्नायू हे कारखान्याचे यंत्र नाही. जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा भाग कामी येतो, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून नुसत्या चढाईसाठी साडेपाच हजारांहून जास्त कॅलरी लागतात, पुढे सरकण्याचा खर्च वेगळा. आणि विजेच्या हिशेबात न दिसणारी गोष्ट म्हणजे उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावतो. प्रत्येक पावलाला त्याच्या तंतूंत सूक्ष्म चिरा पडतात. चढात दम लागतो तो बसल्यावर जातो. उतारात फाटलेली मांडी दुसऱ्या दिवशी जिनाही उतरू देत नाही.

मग नागपूरकराने हे जमवायचे कुठे? सेमिनरी हिल्सवर ३० मीटर चढणारा ३०० मीटरचा तुकडा धरला, तर १०,००० मीटरसाठी ३३४ वेळा वर जावे लागेल. जाऊन-येऊन अंतर होते २०० किलोमीटर. गंमत म्हणजे हे आल्प्सपेक्षा फार वेगळे नाही; तिथे डोंगर बदलत राहतो, इथे तीच टेकडी पुन्हा पुन्हा. त्याहून बरी सोय सव्वादोनशे किलोमीटरवर चिखलदऱ्याला. परतवाड्याहून १,११८ मीटरवरच्या चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटर चढ. अशा पंधरा खेपा केल्या की माँ ब्लाँची बेरीज पुरी होते.

चढाई अशी थेंबाथेंबाने साठवता येते, याचा मोठा पुरावा नागपूरनेच दिला आहे. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन सायकल शर्यत पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्या वाटेवर आल्प्ससारखे डोंगर नाहीत, तरी छोट्या छोट्या चढ-उतारांची बेरीज सत्तर हजार मीटरच्या वर जाते. सायकल वेगळी, पळणे वेगळे, पण गणित एकच.

गणित अडते ते लडाखला. लेहची खारदुंग ला चॅलेंज ही शर्यत ७२ किलोमीटरची. खारदुंग गावातून निघून सुमारे ५,३७० मीटरवरची खिंड ओलांडायची आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये उतरायचे. खिंडीपर्यंतची चढाई सुमारे १,४०० मीटर. म्हणजे परतवाडा-चिखलदरा फक्त दोनदा! माँ ब्लाँच्या चढाईचा सातवा हिस्सा. नागपूरचा कसलेला धावपटू एवढी चढाई एका सकाळी उरकेल.

पण आल्प्समधल्या त्या प्रदक्षिणेची सर्वांत उंच जागा साधारण अडीच हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब नागपूरच्या तीन-चतुर्थांश असतो. खारदुंग लावर तो जवळपास निम्मा. छाती तेवढीच फुगते, श्वास तेवढाच लांब, पण आत जाणारा प्राणवायू अर्धा. जोडीला थंडी. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर आणि ती खिंड यांत पाच किलोमीटरचे अंतर, म्हणजे ३३ अंशांची तफावत. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या शहराला घाम कसा गाळावा हे शिकवावे लागत नाही. विरळ हवेत कसे राहावे, हे मात्र ३११ मीटरवर कुणीच शिकवू शकत नाही.

आकड्यांच्या या जंजाळात खरा फरक दोनच आकड्यांत आहे. चढाई ही बेरीज आहे, ती टेकडीवर, जिन्यावर, उड्डाणपुलावर कुठेही करता येते. उंची ही जागा आहे. तिथे जाऊन राहावेच लागते. दिल्लीहून विमानाने लेहला उतरले की शरीर तासा-दीड तासात तीन हजार मीटरहून वर पोचते. श्वासाचा वेग जुळायला काही दिवस लागतात, रक्तात नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला काही आठवडे. म्हणून खारदुंग लाचे नाव नोंदवणाऱ्या नागपूरकराने आपल्या वेळापत्रकात सर्वांत आधी किलोमीटर लिहू नयेत. आधी सुट्टीचे दोन आठवडे लिहावेत, आणि ते वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यावेत. बाकीची बेरीज सेमिनरी हिल्सवर होत राहील.