एक मराठी प्रत्यय, अनेक इंग्रजी प्रिपोझिशन्स



मराठीत नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी असलेला संबंध विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये दाखवितात. ती नामानंतर येतात. इंग्रजीत हे कार्य बहुधा नामापूर्वी येणारे ‘प्रिपोझिशन’ करते. त्यामुळे ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘ला’ म्हणजे ‘टु’ अशा जोड्या लावून भाषांतर करण्याकडे आपला कल असतो. या जोड्या सर्वत्र लागू पडत नाहीत.

‘ला’ हाच प्रत्यय पाहा. ‘ती पुण्याला जाते’ येथे ‘टु’ येते. ‘दहा तारखेला सभा आहे’ येथे ‘ऑन’ येते. ‘तो सापाला भितो’ याचे इंग्रजी ‘अफ्रेड ऑफ’ असे होते, तर ‘मी मित्राला भेटलो’ येथे ‘मीट’ या क्रियापदापुढे काहीच लागत नाही. पहिल्या दोन वाक्यांत स्थळकाळाचा अर्थ प्रिपोझिशन ठरवितो. पुढील दोन वाक्यांत ते विशेषण किंवा क्रियापद ठरविते. मराठीतही आपण एखाद्या‘वर’ विश्वास ठेवतो आणि एखाद्या‘ची’ वाट पाहतो. ती त्या शब्दांची रूढीच असते. म्हणून ‘वेट फॉर’, ‘डिपेंड ऑन’, ‘मॅरिड टु’ हे शब्द जोडीनेच पाठ करावेत.

आता दोन शब्दयोगी अव्यये घेऊ. ‘ती 2015 पासून शिकवते’ आणि ‘ती दहा वर्षांपासून शिकवते’ या दोन्ही वाक्यांत ‘पासून’ आहे. पहिल्यात आरंभबिंदू सांगितला आहे. तेथे ‘सिन्स’ योजावे. दुसऱ्यात कालावधी सांगितला आहे. तेथे ‘फॉर’ योजावे.

‘पर्यंत’बाबत अधिक सावध राहावे लागते. ‘अर्ज सोमवारपर्यंत पाठवा’ यात एक कृती त्या मुदतीच्या आत केव्हाही पूर्ण करावयाची आहे. म्हणून ‘बाय मंडे’. ‘कार्यालय सोमवारपर्यंत बंद राहील’ यात एक स्थिती अखंड चालू राहणार आहे. म्हणून ‘टिल मंडे’. या सूचनेत चुकून ‘बाय’ लिहिले, तर कार्यालय उशिरात उशिरा सोमवारी बंद होईल, असा अर्थ होतो. तो वाचून कोणी शनिवारी अर्ज घेऊन आला, तर त्याला दाराला कुलूप दिसेल. येथे केवळ व्याकरणाची चूक होत नाही, आशयच बदलतो.

तेव्हा भाषांतर करताना प्रत्ययाकडे न पाहता त्याच्या कार्याकडे पाहावे: तो बिंदू दाखवितो की कालावधी? मुदत दाखवितो की सातत्य? की केवळ क्रियापदाच्या रूढीने आला आहे?

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांत कोणते प्रिपोझिशन योजाल?
1. सायंकाळपर्यंत काम पूर्ण करा.
2. सायंकाळपर्यंत येथेच थांबा.
3. तो तीन महिन्यांपासून आजारी आहे.
4. तो मार्चपासून आजारी आहे.

उत्तरे: 1. बाय 2. टिल 3. फॉर 4. सिन्स