ब्रूनोला गाडीत चढता येईना: म्हाताऱ्या, मोठ्या कुत्र्यासाठी गाडी निवडताना

(या भागाचं थोडं साफसूफ केलेलं शब्दांकन. बोलता बोलता केलेले विनोद आणि मागून येणारं ब्रूनोचं घोरणं वगळलं आहे.)

आज कोड नाही, एआय नाही, आज कुत्रा आणि गाडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "आमच्याकडे लॅब आहे, आता म्हातारा झालाय, कुठली गाडी घेऊ?" मी गाड्यांची एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही. पण गेल्या वर्षी आम्ही नेमकं हेच केलं, आणि आधी सगळं चुकीच्या टोकाने केलं. ते तुम्हाला सांगते, म्हणजे तुमचे दोन-तीन शनिवार वाचतील.

सुरुवात कशी झाली

ब्रूनो आमचा लॅब्रॅडॉर. वय 11, वजन 36 किलो. मोठ्या जातीचे कुत्रे साधारण सात-आठ वर्षांचे झाले की म्हातारपणाकडे झुकतात, आणि लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर या जातींमध्ये खुब्याचा आणि सांध्यांचा त्रास बऱ्यापैकी दिसतो. ब्रूनोचंही तेच. आधी 'चल भुर्र' म्हटलं की तो आमच्याआधी गाडीपाशी पोचायचा. मग एक दिवस त्याने आमच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या मागच्या सीटवर उडी मारली, मागचे पाय पोचले नाहीत, घसरला आणि जोरात ओरडला.

त्यानंतर तो गाडीजवळ यायचाच थांबला. पार्किंगमध्ये चार पावलं लांब बसून राहायचा, मान फिरवून. आता मोठा प्रॉब्लेम असा की दर महिन्याला त्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मग बाबा त्याला उचलायचे. 36 किलो, वाकून. तिसऱ्या वेळी बाबांचीच कंबर धरली. आई म्हणाली, "आता दोघांनाही मीच उचलू का?" आणि मी रात्री बसून स्प्रेडशीट बनवली.

माझी पहिली चूक: लिटर

स्प्रेडशीटमध्ये मी काय भरलं? बूट स्पेस, ग्राउंड क्लिअरन्स, मायलेज. म्हणजे ब्रोशरमध्ये जे छापलेलं असतं तेच. दोन शोरूम फिरले. प्रत्येक ठिकाणी, "मॅडम, बूट बघा किती मोठा आहे, कुत्रा काय, म्हैस बसेल."

पण लिटर म्हणजे घनफळ. त्यात उंचीही मोजली जाते, आणि झोपलेल्या कुत्र्याला उंचीचा फारसा उपयोग नाही. त्याला सपाट लांबी-रुंदी लागते. मुख्य म्हणजे आत कितीही जागा असो, आत जायचं कसं? आपल्याकडे ग्राउंड क्लिअरन्स जास्त म्हणजे गाडी भारी असं समीकरण आहे. खड्डे बघता ते बरोबरच आहे. पण गाडी जितकी उंच, तितका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पहिला अडथळा उंच. आमच्या एसयूव्हीच्या डिकीची कड जमिनीपासून 74 सेंटिमीटर होती. लॅब खांद्यापाशी साधारण 55 ते 57 सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे आम्ही त्याला स्वतःच्या खांद्याहून उंच उडी मार म्हणत होतो. या वयात!

तेव्हा मी स्प्रेडशीट डिलीट केली आणि मेजरिंग टेप घेतली. या सगळ्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कुत्रा गाडीत कसा चढेल आणि कसा उतरेल, हे आधी ठरवा. गाडी त्यानंतर.

रॅम्पचं गणित

चढायचे दोन मार्ग. एक, मागच्या दारातून, पुढचे पाय वर ठेवायचे आणि मागून आधार देत ढकलायचं. पोटाखालून जाड टॉवेल झोळीसारखा घातला की आपल्या कमरेवर भार कमी येतो. दोन, डिकीतून रॅम्प लावून.

उतरताना काळजी आणखी जास्त. कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उडी मारून उतरला की तो सगळा झटका खांदे आणि कोपरांवर. त्यामुळे 'चढवू उचलून, उतरेल आपला आपण' हे नको.

आता रॅम्प. ऑनलाइन बघाल तर 120 सेंटिमीटरचे छोटे, घडीचे रॅम्प स्वस्त असतात. पण शाळेतलं त्रिकोणमिती आठवा. कड 70 सेंटिमीटरवर असेल तर 120 सेंटिमीटरच्या रॅम्पचा उतार येतो जवळजवळ 36 अंश. हा जिना झाला! तोच रॅम्प 180 सेंटिमीटरचा घेतला तर 23 अंश. आणि कड 55 सेंटिमीटरवर असेल, तर 180 च्या रॅम्पला 18 अंश. म्हणजे कड 15 सेंटिमीटरने खाली आली की कुत्र्याचं आयुष्य केवढं सोपं होतं बघा.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. 180 चा रॅम्प लावायला डिकीच्या मागे दीड मीटरहून जास्त जागा लागते, वर कुत्र्याला वळायला वेगळी. आपल्या सोसायट्यांमध्ये लोक गाडी रिव्हर्स लावतात, डिकी भिंतीला. आम्हाला सवय बदलावी लागली. आता नाक भिंतीकडे, डिकी बाहेर. तुमच्या पार्किंगमध्ये ते शक्य नसेल तर रॅम्पवर पैसे घालू नका. कमी उंचीची सीट आणि रुंद उघडणारं मागचं दार असलेली गाडी बघा. काही गाड्यांची दारं जवळजवळ 90 अंशांत उघडतात, टाटाच्या अल्ट्रोझ आणि पंचची उघडतात. हा फरक शोरूममध्ये किरकोळ वाटतो, पण कुत्र्याला धरून आपण दारात उभे असतो तेव्हा कळतो.

मग कुठल्या प्रकारची गाडी?

सेडान: सीट खाली असते, हा फायदा. पण डिकी बंद, तिथे कुत्रा ठेवायचा प्रश्नच नाही. मागच्या सीटसमोर पाय ठेवायची पोकळी असते, त्यात म्हातारा कुत्रा ब्रेकला घसरून पडतो. ती पोकळी उशांनी किंवा फोमने भरावी लागते.

उंच हॅचबॅक, वॅगनआरसारखी: दार उंच, सीटवर चढवणं तुलनेने सोपं. सीट 60:40 मध्ये दुमडते, त्यामुळे एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा बसू शकतो. मात्र दुमडल्यावर फरशी पूर्ण सपाट होत नाही, पायरी राहते. ती भरून काढा.

तीन रांगांच्या गाड्या: आमच्या मते मोठ्या कुत्र्यासाठी इथे बघायला हवं. अर्टिगाची तिसरी रांग दुमडली की डिकी 209 लिटरवरून 550 वर जाते. ट्रायबरची तिसरी रांग चक्क काढून घरी ठेवता येते, आणि मग 84 लिटरचे 625 होतात. हो, मीच म्हटलं लिटर बघू नका. इथे आकड्यापेक्षा सीटचं काय होतं ते बघा. दुमडलेली सीट फरशीवरच पडून राहते आणि तेवढी उंची वाढते. काढलेली सीट राहत नाही.

सीएनजी घेणाऱ्यांनी सावध राहा. बऱ्याच गाड्यांत सिलिंडर डिकीतच असतो, मग कुत्र्याची जागा गेली. ब्रोशरवर विश्वास ठेवू नका, डिकी उघडून बघा.

दोन गोष्टी ज्यावर तडजोड नको

पहिली, हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. म्हाताऱ्या लॅबमध्ये घशातल्या स्वरयंत्राचा पक्षाघात होऊ शकतो. भुंकण्याचा आवाज बदलतो, श्वास घेताना घरघर होते, आणि असा कुत्रा उष्णता अजिबात सहन करू शकत नाही. त्यामुळे एसीची हवा कुत्रा जिथे झोपणार तिथपर्यंत येते का, हे टेस्ट ड्राइव्हला मागे बसून स्वतः बघा. आणि बंद गाडीत 'पाच मिनिटांत येते' म्हणून ठेवू नका. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीचं तापमान मोजलं होतं. तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं, त्यातलं 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी खाली ठेवूनही विशेष फरक पडला नाही.

दुसरी, बांधणं. ताशी 50 च्या वेगाने गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर 35 किलोचा कुत्रा जवळजवळ अर्ध्या टनाच्या जोराने पुढे फेकला जातो. तो स्वतः जाईल आणि पुढच्या माणसालाही घेऊन जाईल. छातीला बसणारा हार्नेस घ्या आणि तो बेल्टला किंवा डिकीतल्या मजबूत हुकाला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नको, मान मोडेल.

आम्ही काय केलं

आम्ही सेकंडहँड ट्रायबर घेतली. सगळ्यात भारी गाडी आहे म्हणून नाही. आमच्या बजेटमध्ये होती, तिसरी रांग निघत होती आणि घेतलेल्या व्हेरिएंटमध्ये मागे छतातून एसीची हवा येत होती. काढलेली एक सीट आता बाल्कनीत आहे, बाबा तिच्यावर बसून पेपर वाचतात. डिकीत खाली रबर मॅट, वर जुनी गादी. गुळगुळीत प्लॅस्टिकवर कुत्र्याला उभं राहता येत नाही, हे विसरू नका.

रॅम्पची सवय लावायला तीन आठवडे लागले. आधी हॉलमध्ये जमिनीवर सपाट ठेवला, वर उकडलेल्या चिकनचे तुकडे. मग एक टोक पाटावर. मग गाडीला. घाई केली नाही. आता रॅम्पचा आवाज आला की तो उठून येतो, हळूहळू, पण येतो. मागच्या महिन्यात सातारला आजीकडे नेलं त्याला. दोन वर्षांनी.

जाण्याआधी टेपने काय मोजाल

1. कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, आणि तो पसरून झोपतो तेव्हाची रुंदी.
2. डिकीची कड आणि मागची सीट, दोन्हींची जमिनीपासून उंची.
3. सीट दुमडून किंवा काढून उरणारी सपाट जागा.
4. तुमच्या पार्किंगमध्ये डिकीमागे उरणारं अंतर.
5. घरात कुत्र्याला कोण उचलणार, आणि त्यांची कंबर कशी आहे. हे टेपने मोजता येत नाही, पण विचारा.

आणि शक्य असेल तर कुत्र्यालाच टेस्ट ड्राइव्हला न्या. सेल्समन जरा चमकतो, पण कोणी नाही म्हणत नाही.

तुमच्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींचे फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. ब्रूनो उठलाय, त्याला खाली न्यायचंय.